तीन टिंबांचा रिव्ह्यू: प्रिंटएफला कुठला कंपायलर नीट सांभाळतो

सी मधल्या फंक्शनच्या कंसात शेवटी जी तीन टिंबं टाकतात, "यापुढे कितीही येऊ दे, काहीही येऊ दे" असं सांगणारी, त्या एवढ्याशा गोष्टीवर अख्ख्या कंपायलरची परीक्षा घेता येते असं माझं ठाम मत आहे. कोण किती फास्ट, कोणाचा बायनरी लहान, असले रिव्ह्यू ढिगाने पडलेत, ते इथे शोधू नका. इथे फक्त व्हेरिएबल आर्ग्युमेंट्स (फंक्शनला दिलेलं, किती ते आधी न ठरलेलं सामान) बघितलेत, म्हंजे आपला रोजचा स्क्रीनवर छापणारा प्रिंटएफ आणि त्याचं खानदान. माल काय काय तपासला तर जीसीसी, क्लँग, मायक्रोसॉफ्टचा एमएसव्हीसी, जाता जाता छोटा टीसीसी, आणि शेवटी गो, जावा, रस्ट वगैरे मंडळी कारण सी वाल्यांना शिव्या घालून झाल्यावर "मग बाकीच्यांनी काय केलं" हा प्रश्न येतोच.

हे सगळं बघायला काही इन्स्टॉल करायची गरज नाही. मॅट गॉडबोल्टने २०१२ मधे सुरू केलेला कंपायलर एक्सप्लोरर आहे, ब्राउझरमधे उघडायचा, डावीकडे कोड टाकायचा, उजवीकडे असेंब्ली (प्रोसेसरला दिलेल्या सूचना, वाचता येतील अशा) दिसते, कुठली ओळ कशात बदलली ते रंगावरून कळतं, आणि एकाच कोडवर चार कंपायलर शेजारी शेजारी लावता येतात. फुकट आहे, लॉगिन नाही, लिंक शेअर करता येते. मोबाईलवर मात्र उघडू नका, चार खिडक्या त्या एवढ्याशा स्क्रीनवर म्हंजे डोळ्यांना शिक्षा. या साइटलाच वेगळे पाच स्टार, विषय संपला.

आता मुद्दा. साध्या फंक्शनला कंपायलर दोन्ही बाजू बघतो, देणारा काय देतोय आणि घेणारा काय मागतोय, जुळलं नाही की ओरडतो. तीन टिंबं आली की हे सगळं बंद. बोलावणारा आपल्या मनाने सामान भरतो, आणि आतलं फंक्शन आपल्या मनाने काढतं, किती आलंय आणि कुठल्या टाइपचं आलंय हे त्याला कोणी सांगत नाही. प्रिंटएफला तर फक्त फॉरमॅट स्ट्रिंग मिळते, म्हंजे किराणावाल्याने पिशवी न उघडता नुसत्या यादीवरून बिल करावं तसं. यादीत साखर लिहिलीये, आत मीठ निघालं, तरी बिल साखरेचंच.

त्यात भर म्हणून सी चे प्रमोशनचे, म्हंजे लहान टाइप आपोआप मोठा करायचे, नियम. टिंबांच्या जागी फ्लोट दिलात तर तो डबल होऊन जातो, कॅर आणि शॉर्ट दिले तर इंट होऊन जातात. म्हणून प्रिंटएफला फ्लोटसाठी आणि डबलसाठी एकच पर्सेंट एफ (फॉरमॅटमधली दशांशाच्या आकड्याची खूण) चालतो, पण वाचून घेणाऱ्या स्कॅनएफला मात्र दोन वेगळे लागतात, कारण तिथे पॉइंटर जातो आणि पॉइंटरचं प्रमोशन होत नाही. हे कॉलेजमधे कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या लॅबमधे टर्बो सी च्या निळ्या स्क्रीनवर पर्सेंट डी ला, म्हंजे इंटच्या खुणेला, फ्लोट दिला की त्यापुढचे सगळे आकडे पण चुकायचे, आणि सर म्हणायचे "गार्बेज व्हॅल्यू आहे", झालं. खरं तर गार्बेज वगैरे काही नव्हतं, तिथे इंट दोन बाइटचा, डबल आठ बाइटचा, सगळं स्टॅकवर (फंक्शनचं सामान ठेवायची मेमरीतली जागा) ओळीने ठेवलेलं, प्रिंटएफने आठातले दोनच उचलले आणि पुढचा आकडा उरलेल्या सहातून वाचायला लागला. अगदी हिशोबात बसणारी चूक. आणि तो कॅम्पस इंटरव्ह्यूचा लाडका प्रश्न, एकाच प्रिंटएफ मधे आय प्लस प्लस आणि प्लस प्लस आय, उत्तर काय? उत्तर असं की सी च्या नियमाप्रमाणे त्याला उत्तरच नाही, पण आर्ग्युमेंट्स उजवीकडून डावीकडे स्टॅकवर ढकलले जायचे म्हणून टर्बो सी मधे एक ठराविक आउटपुट यायचं आणि पिढ्यान् पिढ्या तेच पाठ केलं गेलं.

तरी ते उजवीकडून डावीकडे ढकलणं उगाच नव्हतं हं. असं केलं की पहिला आर्ग्युमेंट, म्हंजे फॉरमॅट स्ट्रिंग, नेहमी ठरलेल्या जागी सापडतो, मागे किती का असेना. आणि काम झाल्यावर स्टॅक साफ करायचं काम बोलावणाऱ्याकडे, कारण किती ठेवलेत हे फक्त त्यालाच माहीत. ३२ बिट विंडोजची स्वतःची बहुतेक फंक्शन्स एसटीडीकॉल पद्धतीची, तिथे आतलं फंक्शन स्वतः स्टॅक साफ करतं, आणि म्हणूनच तिथे तीन टिंबं बसूच शकत नाहीत, टिंबवाल्या फंक्शन्सना सीडेक्ल, म्हंजे बोलावणारा साफ करतो त्या पद्धतीचं, ठेवावं लागलं. तोपर्यंत आयुष्य सोपं होतं, व्हीए-लिस्ट (टिंबांतलं कुठवर काढलं ते लक्षात ठेवणारी गोष्ट) म्हंजे नुसता एक पॉइंटर, पुढे सरकवत जायचा.

मग आलं ६४ बिट आणि आर्ग्युमेंट्स रजिस्टरमधून, म्हंजे प्रोसेसरच्या आतल्या मोजक्या कप्प्यांतून, जायला लागले. इथून खरा रिव्ह्यू सुरू.

लिनक्सवर जीसीसी घ्या आणि सगळ्यात साधं फंक्शन लिहा, पहिला पॅरामीटर किती आकडे आहेत ते, पुढे तीन टिंबं, आत लूप लावून बेरीज. ऑप्टिमायझेशन बंद ठेवा आणि असेंब्लीची सुरुवात बघा. बेरजेची एक ओळ सुरू व्हायच्या आधीच भली मोठी बांधाबांध चाललेली दिसेल. सहा इंटिजर रजिस्टर, आरडीआय पासून आर९ पर्यंत, त्यांची ४८ बाइट जागा, आणि आठ एक्सएमएम, म्हंजे दशांशाच्या आकड्यांचे, रजिस्टर प्रत्येकी १६ बाइट म्हंजे १२८, एकूण १७६ बाइटचं गोदाम स्टॅकवर उभं करायचं, कारण नंतर कुठला कधी मागितला जाईल कोणाला माहीत. व्हीए-लिस्ट पण आता पॉइंटर राहिला नाही, २४ बाइटचं स्ट्रक्चर झालं, त्यात इंटिजरचा ऑफसेट, फ्लोटचा ऑफसेट, रजिस्टरमधे न मावलेल्यांचा पत्ता आणि गोदामाचा पत्ता. व्हीए-आर्ग (पुढचा आर्ग्युमेंट काढ) म्हटलं की आधी तपासायचं ऑफसेट ४८ च्या आत आहे का, असेल तर गोदामातून आठ बाइट पुढे, नसेल तर स्टॅकवरून. एका आकड्यासाठी एवढा द्राविडी प्राणायाम.

त्यातली एक गंमत मला फार आवडते. प्रिंटएफ बोलवायच्या बरोबर आधी ईएएक्स मधे शून्य टाकलेलं दिसतं, नवीन माणूस हमखास विचारतो हे कशाला. तर नियम असा आहे की टिंबवाल्या फंक्शनला बोलावताना एएल मधे (ईएएक्सचाच खालचा बाइट) सांगायचं की वेक्टर रजिस्टर, म्हंजे ते एक्सएमएम, जास्तीत जास्त किती वापरलेत. एक डबल पाठवला की तिथे एक येतो. आतलं फंक्शन तो बघतं, शून्य असेल तर एक्सएमएम साठवायचे कष्ट वाचवतं. जुना जीसीसी तर त्या आकड्यावरून हिशोब करून थेट कोडच्या मधे उडी मारायचा, म्हंजे एएल मधे कचरा असला तर उडी कुठेही. नंतर ते साधं शून्य आहे की नाही एवढ्यावर आणलं, शहाणपण केलं. आणि हे बघायला नुसतं हॅलो वर्ल्ड लिहून नवीन ओळ टाकलीत तर काही दिसणार नाही, कारण जीसीसी परस्पर प्रिंटएफचं पुट्स करून टाकतो! निदान एक आकडा तरी छापा.

ऑप्टिमायझेशन चालू केलं की जीसीसी खरा हुशार निघतो. फंक्शनमधे फक्त इंटच काढलेत हे त्याला दिसतं आणि तो एक्सएमएमचं गोदाम गायब करतो. क्लँगच्या आउटपुटमधे त्याच कोडला ते आठही रजिस्टर साठवायच्या ओळी तशाच बसलेल्या दिसतात. इथे एक मार्क जीसीसीला. पण हीच व्हीए-लिस्ट पुढे व्हीप्रिंटएफला (तयार लिस्ट घेणारा प्रिंटएफ) दिलीत, जे सगळ्या लॉग फंक्शन्समधे होतंच, की ही हुशारी संपली, कारण आता पुढचा काय मागेल सांगता येत नाही. आणि इनलाइनचं (फंक्शनचा कोड बोलावणाऱ्यातच उतरवून टाकणं) म्हणाल तर दोघेही हात वर करतात, ज्या फंक्शनमधे व्हीए-स्टार्ट (टिंबं वाचायची सुरुवात) आहे ते इनलाइन होत नाही. हॉट लूपमधे टिंबवालं फंक्शन ठेवून मग परफॉर्मन्सची रड लावणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता त्या २४ बाइटच्या स्ट्रक्चरचा एक काटा, जो प्रत्यक्षात लोकांना टोचतो. लिनक्स ६४ बिटवर व्हीए-लिस्ट ही एका घराची अ‍ॅरे म्हणून डिक्लेअर केलेली असते. अ‍ॅरे फंक्शनला दिली की पॉइंटर जातो हे तर माहितीये. म्हंजे तुमच्या लॉग फंक्शनने तीच लिस्ट आधी स्क्रीनवर छापायला दिली आणि मग फाइलमधे लिहायला दिली, तर पहिल्या वेळेलाच ती खाऊन संपते आणि दुसऱ्या वेळेला फाइलमधे भलतंच काहीतरी येतं किंवा प्रोग्राम आडवा होतो. विंडोजवर आणि ३२ बिटवर हाच कोड वर्षानुवर्षं मजेत चालतो कारण तिथे व्हीए-लिस्ट साधा पॉइंटर, कॉपी जाते. "माझ्या मशीनवर चालतंय" चं यापेक्षा शुद्ध उदाहरण मी बघितलं नाहीये. यासाठी सी९९ ने व्हीए-कॉपी दिलीये, वापरा ना, आणि कॉपी केली की तिचा पण व्हीए-एंड (लिस्टचं काम संपवणं) करा.

एमएसव्हीसी. मायक्रोसॉफ्टचं कौतुक करायची मला सवय नाही पण इथे करावं लागेल. विंडोज ६४ बिटमधे पहिले चार आर्ग्युमेंट्स रजिस्टरमधे, आणि बोलावणाऱ्याने स्टॅकवर ३२ बाइट मोकळी जागा आधीच ठेवायची, आर्ग्युमेंट असो नसो. टिंबवालं फंक्शन आत शिरलं की चार ओळीत ते चार रजिस्टर त्या मोकळ्या जागेत टाकतं, आणि त्याला लागूनच पुढचे आर्ग्युमेंट्स आहेतच, झाली सलग रांग. व्हीए-लिस्ट पॉइंटर, व्हीए-आर्ग म्हंजे आठ पुढे. मग फ्लोटचं काय? तर बोलावणाऱ्याने टिंबांमधे डबल पाठवताना तो एक्सएमएम मधे पण टाकायचा आणि त्याच नंबरच्या इंटिजर रजिस्टरमधे पण टाकायचा. थोडी डबल मेहनत, पण आतल्याला काही डोकं लावायला नको. लिनक्सवाल्यांनी रजिस्टर वाचवले आणि १७६ बाइटचं गोदाम विकत घेतलं, यांनी ३२ बाइट रोज वाया घालवले आणि शांत झोपले. कंपायलर लिहिणाऱ्याच्या नजरेने बघाल तर विंडोजचं डिझाइन अर्ध्या दिवसाचं काम, लिनक्सचं आठवडाभराचं.

आरआयएससी-व्ही (खुल्या डिझाइनचे प्रोसेसर) वाल्यांनी पण साधेपणाच निवडलाय, टिंबांमधले फ्लोटसुद्धा इंटिजर रजिस्टरमधूनच जातात आणि व्हीए-लिस्ट पॉइंटरच. उशिरा आलं की दुसऱ्यांच्या चुका बघून शिकता येतं. एआरएम ६४ (मोबाईलमधे असतात ते प्रोसेसर) चं अधिकृत डिझाइन मात्र लिनक्स इंटेलपेक्षाही जाड, व्हीए-लिस्ट ३२ बाइटची, आत तीन पॉइंटर आणि दोन ऑफसेट.

आणि तो जाडपणा अ‍ॅपलने सरळ फेकून दिला. अ‍ॅपलच्या एआरएम मधे नाव असलेले पॅरामीटर रजिस्टरमधे, टिंबांतले सगळेच्या सगळे स्टॅकवर, प्रत्येकाला आठ बाइटचं घर. आतल्या फंक्शनसाठी स्वर्ग. क्लँगला एआरएम मॅकचं टार्गेट देऊन बघा, हेडर नसतात म्हणून बिल्टइन नावं वापरावी लागतात, पण असेंब्ली इतकी आखूड येते की काहीतरी राहिलं असं वाटतं. पण याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. इतके दिवस इंटेलवर टिंबवालं फंक्शन साधं समजून बोलावलं तरी बहुतेक वेळा चालून जायचं, कारण रजिस्टर तेच. २०२० मधे मॅकमधे अ‍ॅपलचा एआरएम प्रोसेसर एम१ आला आणि ही उधारी बंद झाली. दुसऱ्या भाषांमधून सी ची फंक्शन्स बोलावणारे जे काही पूल आहेत, त्यात ओपन, आयओसीटीएल, एफसीएनटीएल ही फंक्शन्स कोणीतरी "तीन पॅरामीटर आहेत" म्हणून साधी डिक्लेअर केलेली असतात, ती खरी टिंबवाली आहेत हे कोणाच्या लक्षात पण नसतं. एम१ वर तिसरा आर्ग्युमेंट रजिस्टरमधे गेला, आतला स्टॅकवर शोधत बसला. ओपनने फाइल बनवली तर खरी पण तिच्या परमिशन भलत्याच, असला सगळा प्रकार. पायथनच्या सीटाइप्सच्या डॉक्युमेंटेशनमधे यासाठी खास लिहिलंय की अशा प्लॅटफॉर्मवर नाव असलेल्या पॅरामीटरचे टाइप आधी सांगायलाच हवेत, आणि लिबएफएफआय मधे तर टिंबवाल्यांसाठी तयारी करायचं फंक्शनच वेगळं आहे. अ‍ॅपलचं चुकलं का? माझ्या मते नाही. नियम आधीपासून तोच होता, फक्त इंटेलवरची बोलवायची पद्धत दयाळू होती.

पण असेंब्ली कितीही सुंदर असू दे, मी कंपायलर विकत घेणार असतो (फुकट आहेत ते सोडा) तर बघितलं असतं की चूक झाल्यावर तो तोंड उघडतो की नाही. आणि इथे जीसीसी आणि क्लँग बाकीच्यांच्या खूप पुढे आहेत. पर्सेंट डी ला स्ट्रिंग द्या, वॉल (नेहमीच्या वॉर्निंग चालू करणारा फ्लॅग) लावलेला असेल तर दोघेही ओळ, जागा, अपेक्षा काय आणि आलं काय, सगळं सांगतात, खाली दुरुस्ती पण लिहून देतात. पण खरी चीज म्हंजे फॉरमॅट अ‍ॅट्रिब्यूट. तुमच्या स्वतःच्या लॉग फंक्शनला हा लावा आणि सांगा की दुसरा पॅरामीटर फॉरमॅट आहे आणि तपासणी तिसऱ्यापासून, की तुमच्या फंक्शनलाही प्रिंटएफसारखीच तपासणी मिळते. सी++ मधे मेंबर फंक्शन असेल तर धिस पण एक नंबर खातो, म्हणून आकडे एकाने वाढवायचे, इथे हमखास घोळ होतो. व्हीए-लिस्ट घेणाऱ्या फंक्शनला शेवटचा आकडा शून्य.

मी बघितलेल्या एका जुन्या कोडबेसमधे, नाव नको, लॉगिंगचं फंक्शन शेकडो ठिकाणी वापरलेलं आणि त्याला हे एका ओळीचं अ‍ॅट्रिब्यूट नव्हतं. ते लावून बिल्ड केला तर वॉर्निंगचा स्क्रोलबार तांदळाच्या दाण्याएवढा झाला. बहुतेक ६४ बिट आकड्याला पर्सेंट डी, काही ठिकाणी आर्ग्युमेंटच कमी, आणि मजा म्हंजे सगळ्यात वाईट चुका एररच्या फांदीत, म्हंजे जिथे कोड कधी टेस्टच होत नाही तिथे. प्रॉडक्शनमधे काहीतरी बिघडणार, एरर लिहायला जाणार, आणि एरर लिहिताना क्रॅश होणार. मूळ एरर राहिली बाजूला.

दुसरं कमी माहीत असलेलं अ‍ॅट्रिब्यूट म्हंजे सेंटिनल. दुसरा प्रोग्राम चालवणाऱ्या एक्झेकएल सारख्या फंक्शनला यादीच्या शेवटी नल द्यावा लागतो, विसरलात की तो स्टॅकवर पुढे पुढे वाचतच सुटतो. हे अ‍ॅट्रिब्यूट असेल तर कंपायलर लगेच टोकतो. आणि शेवटी नुसता शून्य लिहू नका, तो इंट जातो, चार बाइटचा, वरच्या चार बाइटमधे काय असेल ते नशीब. पॉइंटरचा कास्ट लावा.

व्हीए-आर्ग मधे फ्लोट मागितलात तर? क्लँग सांगतो की हा टाइप प्रमोट होतो, असं मागणं बेकायदा आहे. जीसीसी तेवढ्यावर थांबत नाही, वॉर्निंग देऊन खाली टीप देतो की हा कोड चालला तर प्रोग्राम बंद पडेल, आणि खरंच तिथे बंद पाडायची इन्स्ट्रक्शन टाकून ठेवतो. मला हा खडूसपणा आवडला. चुकीचा आकडा छापून पुढे जाण्यापेक्षा जागेवर मेलेला बरा. सी++ मधे स्टँडर्ड स्ट्रिंग तशीच उचलून प्रिंटएफला दिली (सीस्ट्र लावायला विसरून, रोजचं आहे हे) तर दोघेही कंपाइलच करत नाहीत.

एमएसव्हीसी या बाबतीत उशिरा जागा झाला, प्रिंटएफच्या फॉरमॅटची जुळणी तपासणारी वॉर्निंग सी४४७७ व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून आली. स्वतःच्या फंक्शनसाठी एसएएल (मायक्रोसॉफ्टच्या तपासणीच्या खुणा) अ‍ॅनोटेशन आहे पण त्यासाठी अ‍ॅनालाइज वेगळं चालवावं लागतं, आणि ते रोज कोण चालवतं? टीसीसीकडून असली कुठलीच अपेक्षा ठेवू नका, फॅब्रिस बेलार्डचा तो कंपायलर डोळ्याची पापणी लवायच्या आत कंपाइल करतो हेच त्याचं काम, लिनक्स ६४ बिटवर व्हीए-आर्गचा सगळा हिशोब तो आपल्या छोट्या लायब्ररीतल्या एका फंक्शनवर ढकलतो, आणि कंपायलर शिकणाऱ्याने नेमकं हेच वाचावं, कारण जीसीसीचा सोर्स उघडून शिकायला गेलात तर परत येणार नाही.

वॉर्निंगला मी एवढे मार्क का देतोय याचं कारण नुसते चुकीचे आकडे नाहीत. २००० साली डब्ल्यूयू-एफटीपीडी नावाच्या एफटीपी सर्व्हरमधे भोक सापडलं, युजरने पाठवलेला मजकूर थेट फॉरमॅट म्हणून वापरला जात होता. तोपर्यंत हे कोणी फारसं मनावर घेत नव्हतं. पण प्रिंटएफमधे पर्सेंट एन नावाचा प्रकार आहे, तो छापत नाही, मेमरीत लिहितो, आत्तापर्यंत किती अक्षरं छापली तो आकडा. आणि कुठे लिहायचं तो पत्ता टिंबांमधून घेतो. म्हंजे फॉरमॅट हल्लेखोराच्या हातात असेल तर स्टॅक वाचायचा पर्सेंट एक्सने आणि लिहायचं पर्सेंट एनने, सर्व्हर खिशात. आता मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत पर्सेंट एन मुळातच बंद असतो, अँड्रॉइडच्या बायोनिक लायब्ररीने काढूनच टाकला, आणि ग्लिबसीमधे (लिनक्सची सी लायब्ररी) फोर्टिफाय हा सुरक्षेचा पर्याय दोनवर असेल तर फॉरमॅट लिहिता येणाऱ्या मेमरीत असताना पर्सेंट एन दिसला की प्रोग्राम थांबवतात. सगळी मलमपट्टी, पण हवी आहे.

सी स्टँडर्डवाल्यांची सुधारणा कासवाच्या चालीची. १९८९ मधे जुनं व्हरार्ग्स हेडर जाऊन एसटीडीआर्ग आलं, सी९९ ने व्हीए-कॉपी आणि टिंबवाले मॅक्रो दिले, आणि सी२३ मधे टिंबांच्या आधी एकतरी नाव असलेला पॅरामीटर पाहिजे ही अट गेली. किती आले ते आतल्याला सांगायची सोय? अजून नाही.

ज्यांना स्वतःची भाषा बनवायची हौस आहे (पुण्यात प्रत्येक तिसऱ्या बॅकएंडवाल्याला असते) त्यांनी सी ची नक्कल करू नये. पार्सरमधे तीन टिंबं ओळखणं दहा मिनिटांचं काम, मागचा संसार वर बघितलात. आणि एलएलव्हीएम (क्लँगच्या मागचं तयार इंजिन) वापरलं की सुटलो असं पण नाही, त्यात व्हीए-आर्गची इन्स्ट्रक्शन आहे पण सगळ्या टार्गेटवर सगळ्या टाइपला तिच्यावर विसंबता येत नाही, म्हणून क्लँग स्वतःच फ्रंटएंडमधे प्लॅटफॉर्मप्रमाणे सगळा हिशोब लिहून काढतो. तुम्हालाही तेच करावं लागेल.

जावाने २००४ मधे जावा ५ ला सोपं केलं, कंपायलर टिंबांतल्या सगळ्याची अ‍ॅरे बनवतो आणि ती एक वस्तू पाठवतो, मेथडवर एक खूण ठेवतो, बास. लांबी माहीत, टाइप माहीत. त्रास एवढाच की प्रत्येक कॉलला अ‍ॅरे, आणि इंटची अ‍ॅरे अ‍ॅरेज-डॉट-अ‍ॅजलिस्टला दिली की आकड्यांची लिस्ट न मिळता एका अ‍ॅरेची लिस्ट मिळते, हे प्रत्येक जावावाल्याला एकदा तरी चावलेलं असतं. सी# १३ ने त्यावर छान उतारा काढला, पॅरम्सला (त्यांची तीन टिंबं) आता रीडओन्ली स्पॅन पण चालतो म्हंजे हीपवर अ‍ॅरे बनवायची गरज नाही. गो मधे स्लाइस बनते, आणि प्रिंटएफला चुकीचं काही दिलं तर क्रॅश नाही, आउटपुटमधेच छापून येतं की हा टाइप चुकला, हा मिसिंग, हा एक्स्ट्रा, शिवाय गो टेस्ट चालवताना व्हेट हे तपासणीचं टूल परस्पर तपासून घेतो. माझ्या मते सगळ्यात घरगुती आणि समंजस सोय हीच. स्ट्रिंगची स्लाइस एनीवाल्या (कुठलाही टाइप घेणाऱ्या) टिंबांना देता येत नाही ही कुरकुर चालू असते, पण एकदा मेमरीत ती दोन कशी वेगळी दिसतात हे समजलं की राग जातो.

रस्टने फंक्शनमधे टिंबं ठेवलीच नाहीत, प्रिंटएलएन मॅक्रो आहे आणि फॉरमॅट कंपाइल होतानाच तपासला जातो. सी चं प्रिंटएफ बोलवायचं असेल तर बोलवता येतं, पण एफ३२ दिलात तर सरळ एरर, ई०६१७, "आधी डबल कर" म्हणून, आपोआप प्रमोशन नाही. झिगवाल्यांनी तर टपल पाठवायची आणि कंपाइलच्या वेळेसच उलगडायची पद्धत घेतली. सी++११ चे व्हेरिएडिक टेम्प्लेट ताकदवान आहेतच, पण एक टाइप चुकला की एररचा जो पसारा येतो तो वाचायला चहा लागतो. स्टँडर्ड फॉरमॅट सी++२० ला आणि प्रिंट सी++२३ ला आल्यावर जरा माणसात आलं.

मार्क द्यायचेच तर जीसीसी साडेचार, अर्धा कापला कारण वॉल न लावता त्याला तोंड उघडायला लावणं डिस्ट्रोवर अवलंबून आहे, उबुंटूचा जीसीसी फॉरमॅटची तपासणी आधीच चालू करून देतो, सगळेच देतात असं नाही. क्लँग पण साडेचार, वॉर्निंगची भाषा जीसीसीपेक्षा बरी, कोड किंचित जाडा. एमएसव्हीसी साडेतीन, डिझाइनला पाच आणि वॉर्निंगला दोन धरून. टीसीसीला मार्क देणं अन्याय आहे, त्याची स्पर्धाच वेगळी.

आणि आजच काही करायचं असेल तर जीसीसी किंवा क्लँगच्या फ्लॅग्समधे फॉरमॅटची वॉर्निंग लेव्हल दोन करा, फॉरमॅट-सिक्युरिटीला एरर बनवा, आणि प्रोजेक्टमधे तीन टिंबांवर ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) मारून जी जी स्वतःची फंक्शन्स सापडतील त्यांच्या डिक्लेरेशनला फॉरमॅट अ‍ॅट्रिब्यूट चिकटवा, एमएसव्हीसीवर पण बिल्ड होत असेल तर मॅक्रोमधे गुंडाळून. शुक्रवारी संध्याकाळी मात्र हे करू नका, वॉर्निंग किती येतील त्याचा भरवसा नाही.